शालेय वाचा-भाषा उपचार

शालेय वाचा-भाषा उपचार : शाळकरी मुलांच्या उच्चारांतील, भाषेतील, बोलण्याच्या ओघातील व आवाजातील अडचणी ओळखून त्यांवर शाळेतच, शिक्षक व पालक यांच्या सहभागाने उपचार करण्याचे व्यावसायिक कार्य. ते करणाऱ्या व्यक्तीस वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ किंवा व्यवहारात स्पीच थेरपिस्ट म्हणतात. रुग्णालयात मूल ठरलेल्या वेळी, पालकाचा हात धरून येते. शाळेत तेच मूल हजेरी देताना, कविता म्हणताना, गणितातील शाब्दिक उदाहरण वाचताना आणि मधल्या सुट्टीत भांडताना दिसते. त्याचे नेमके कोठे अडते, हे बहुधा या प्रसंगांतूनच उमगते.

या कामाच्या कक्षेत उच्चारदोष, तोतरेपणा, दुभंगलेल्या टाळूमुळे नाकातून येणारे बोलणे, तसेच श्रवणदोष, स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व व सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा न राहणे) यांमुळे उद्भवणाऱ्या संवादाच्या अडचणी येतात. मात्र सर्वाधिक दुर्लक्ष विकासात्मक भाषा विकाराकडे होते. अशा मुलाला नीट ऐकू येते, अन्य कोणताही आजार दिसत नाही, तरी भाषा आत्मसात करणे त्याला जड जाते. इंग्रजी भाषक मुलांच्या पाहण्यांत याचे प्रमाण सुमारे ७ टक्के आढळले आहे. हे मूल वर्गात गप्प बसते, कोणाला त्रास देत नाही आणि म्हणूनच ‘अभ्यासात कच्चे’ एवढ्या शेऱ्यावर वर्षानुवर्षे पुढे ढकलले जाते.

तपासणीची सुरुवात कानापासून होते, कारण ऐकू कमी येत असेल तर पुढचे सर्व निष्कर्ष चुकतात. त्यानंतरचा प्रश्न महाराष्ट्रात विशेष नाजूक ठरतो : मुलाच्या बोलण्यात विकार आहे, की केवळ घरच्या बोलीचा फरक आहे? वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलणाऱ्या घरातील मूल ‘डोळा’ऐवजी ‘डोया’ आणि ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणते, तेव्हा तो उच्चारदोष नसतो. ‘तो जाऊन राहिला’ ही रचनाही नागपूरकडे रूढ आहे. मेळघाटातील कोरकू किंवा गडचिरोलीतील गोंडी भाषक मुलाला तर पहिलीत आल्यावर मराठी नव्याने शिकावी लागते. याउलट, ज्याच्या घरी प्रमाण मराठीच बोलली जाते असे तिसरीतील मूल चित्र पाहून ‘मांजराने दूध सांडले’ऐवजी सतत ‘मांजर दूध सांडली’ असे म्हणत असेल, तर विभक्ती व क्रियापदाचा मेळ यांकडे बारकाईने पाहावे लागते. सर्वांत विश्वसनीय कसोटी घरच्या भाषेत लागते. त्या भाषेत मूल गोष्ट सलग सांगत असेल, आजी-आजोबांना त्याचे बोलणे सहज कळत असेल, तर त्याला उपचारांची नव्हे, शाळेची भाषा शिकवण्याची गरज असते. हा भेद न करता दिलेला शेरा मुलाचे नुकसान करतो.

उपचार बाहेरून खेळासारखे दिसतात. ‘क’च्या जागी ‘त’ म्हणणाऱ्या मुलापुढे कार आणि तार अशी दोन चित्रे ठेवली जातात. त्याला कार हवी असते, पण तोंडून ‘तार’ निघते, म्हणून तारेचे चित्र हाती येते. आपल्या उच्चाराने अर्थ बदलला हे त्याला तेथेच कळते. त्यानंतर जिभेचा मागचा भाग उचलण्याचा सराव, मग शब्द, वाक्य आणि शेवटी मोकळ्या गप्पा असा क्रम असतो. बोलू न शकणाऱ्या मुलांसाठी चित्रफलक किंवा चेन्नईत तयार झालेल्या ‘आवाज’सारखी टॅबलेटवरील साधने वापरतात. तोतरेपणात शिक्षकाचे वागणे फार महत्त्वाचे ठरते : मुलाचे वाक्य आपण पूर्ण न करणे, ‘सावकाश बोल’ असे न टोकणे आणि उत्तरासाठी पुरेसा वेळ देणे.

या व्यवसायाची शालेय शाखा अमेरिकेत लवकर रुजली. शिकागोच्या सार्वजनिक शाळांनी १९१० मध्ये वाचासुधार शिक्षिका नेमल्या होत्या. १९७५ च्या अमेरिकी कायद्याने ही सेवा दिव्यांग मुलांच्या मोफत शिक्षणाचा भाग ठरली. भारतात हा व्यवसाय प्रामुख्याने रुग्णालये व संस्थांमधून वाढला. म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आणि मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग संस्था ही त्याची प्रमुख केंद्रे होत. चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमात अखेरचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे असते आणि व्यवसाय करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते.

महाराष्ट्रातील सर्वसाधारण शाळांत हे पद सहसा नसते. समग्र शिक्षा योजनेतील विशेष शिक्षक गावोगावच्या शाळांना भेटी देतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळेत तपासणी करून मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. तेथे वाचा उपचाराची सोय अपेक्षित असली, तरी आठवड्याला एक फेरी म्हणजे पालकाची एका दिवसाची मजुरी बुडणे, आणि अशा कारणाने उपचार मध्येच सुटू शकतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत वाचा व भाषा दिव्यांगत्व आहे. परंतु स्वरयंत्र काढणे किंवा वाचाघात (मेंदूच्या इजेने भाषा हरपणे) यांसारख्या शारीरिक वा मज्जासंस्थेच्या कारणांनी आलेले कायमचे दिव्यांगत्व अशी त्याची व्याख्या असल्याने, असे ठोस कारण न सापडणारा विकासात्मक भाषा विकार तिच्यात बसवणे कठीण जाते. प्रमाणपत्र नाही म्हणून सवलत नाही, अशी या मुलांची अवस्था होते. जेथे उपचारतज्ज्ञ महिन्यातून एकदाच पोहोचू शकतो, तेथे तो वर्गशिक्षिकेला आणि आईला रोज दहा मिनिटांचा सराव शिकवून जातो आणि पुढच्या भेटीत त्यांच्याच नोंदींवरून पुढचा टप्पा ठरवतो.