लहान कुक्कुटपालनातील लसीकरण

परसात किंवा छोट्या शेडमध्ये पाळलेल्या कोंबड्यांना सांसर्गिक रोगांपासून वाचवण्यासाठी ठरावीक वयात लस देण्याची पद्धत. राणीखेत (मानमोडी), गंबोरो, मरेक्स व देवी हे रोग विषाणुजन्य असून एकदा झाल्यावर त्यांवर खात्रीचे औषध नाही, म्हणून लस हाच मुख्य आधार ठरतो. छोट्या पालकाकडे लसीकरण फसते ते बहुधा लस निकृष्ट असल्याने नव्हे, तर ती पक्ष्यापर्यंत जिवंत, वेळेवर आणि पुरेशा मात्रेत न पोहोचल्याने.

लुई पाश्चर यांनी १८७९-८० च्या सुमारास कोंबड्यांच्या कॉलऱ्याचे जंतू दुर्बळ करून त्यांची लस तयार केली. प्रयोगशाळेत दुर्बळ केलेल्या जंतूंच्या लसींचा आरंभ असा कोंबड्यांपासूनच झाला.

मरेक्सची लस पहिल्याच दिवशी, मानेच्या कातडीखाली टोचतात आणि हे काम उबवणी केंद्रातच उरकले जाते. पिल्ले विकत घेताना याची चौकशी करावी, कारण घरी खुडूक कोंबडीखाली निघालेल्या पिल्लांना ही लस सहसा मिळतच नाही. राणीखेतची पहिली लस (लासोटा किंवा एफ प्रकार) साधारण पाचव्या ते सातव्या दिवशी देतात व चौथ्या आठवड्याच्या आसपास ती पुन्हा देतात. गंबोरोची लस दुसऱ्या ते तिसऱ्या आठवड्यात, तर देवीची बहुधा सहाव्या ते आठव्या आठवड्यात देतात. गंबोरोची नेमकी वेळ साधणे सर्वांत अवघड असते : आईकडून अंड्यातून आलेली प्रतिपिंडे (रोगजंतूंशी लढणारी प्रथिने) पिल्लाच्या रक्तात भरपूर असताना दिलेली लस तीच निष्प्रभ करतात, आणि ती ओसरण्याची वाट फार पाहिली तर मधल्या काळात रोगाला वाट मोकळी मिळते. म्हणून वेळापत्रक छापील तक्त्यावरून उचलण्यापेक्षा परिसरातील रोगस्थिती माहीत असलेल्या पशुवैद्याकडून ठरवून घेणे इष्ट.

खरी अडचण कुपीची आहे. गोठवून वाळवलेली लस शेकडो, कधी हजार मात्रांच्या कुपीत येते आणि द्रावक मिसळल्यावर ती सुमारे दोन तासांत संपवावी लागते. तीस कोंबड्यांसाठी मोठी कुपी फोडायला पालक कचरतो. उरलेली लस फ्रीजमध्ये ठेवून आठवड्याने वापरणे म्हणजे तर पाणी देणेच. शेजारच्या पालकांनी एकच दिवस ठरवून एक कुपी वाटून घेणे हा सर्वांत व्यवहार्य उपाय आहे. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते, आणि शीतसाखळी (लस सतत थंड ठेवण्याची व्यवस्था) सर्वाधिक तुटते ती दुकानापासून घरापर्यंतच्या शेवटच्या टप्प्यात. यासाठी खेड्यांतील कोंबड्यांकरिता ऑस्ट्रेलियात विकसित झालेली, उष्णता बऱ्यापैकी सोसणारी राणीखेतची आय-२ लस आफ्रिका व आशियातील अनेक देशांत उपयुक्त ठरली आहे.

थोड्या पक्ष्यांसाठी डोळ्यात थेंब टाकणे सर्वांत भरवशाचे. पक्ष्याचे डोके आडवे धरून ड्रॉपर डोळ्याला न टेकवता एक थेंब सोडावा व डोळ्याची उघडझाप होऊन तो आत जिरेपर्यंत पक्षी हातातून सोडू नये. पाण्यातून लस देणे सोपे दिसते, पण दबलेल्या कोंबड्या भांड्यापर्यंत पोहोचतच नाहीत, आणि क्लोरीनयुक्त पाणी लसीतील विषाणू मारते. तरीही तो मार्ग घ्यायचा असल्यास पक्ष्यांना आधी तास-दोन तास तहानलेले ठेवून, क्लोरीन नसलेल्या पाण्यात लिटरमागे सुमारे अडीच ग्रॅम साय काढलेली दूध पावडर मिसळावी. देवीची लस दोन टोकांच्या सुईने पंखाच्या पातळ पडद्यातून टोचतात. सात ते दहा दिवसांनी तेथे गाठ किंवा खपली दिसली तर लस लागली असे समजावे, काहीच दिसले नाही तर ती पुन्हा द्यावी. इतर लसींच्या बाबतीत असा डोळ्यांना दिसणारा पुरावा मिळत नाही.

लस सकाळी किंवा संध्याकाळी गारव्यात, फक्त निरोगी पक्ष्यांनाच द्यावी. संरक्षण तयार व्हायला एक-दोन आठवडे लागतात, त्यामुळे त्या काळात बाजारातून आणलेली कोंबडी कळपात सोडू नये. राणीखेतच्या जिवंत लसीने हाताळणाऱ्याचे डोळे येऊ शकतात, म्हणून काम संपल्यावर हात धुवावेत. रिकाम्या कुप्या उकळून किंवा जंतुनाशकात बुडवून मगच पुराव्यात. बर्ड फ्लूची लस मात्र पालकाने स्वतःहून द्यायची नसते, ती द्यावी की नाही हे त्या त्या देशाचे सरकार ठरवते.