माहितीपूर्वक संमती आणि पेशंटचे हक्क
माहितीपूर्वक संमती म्हणजे उपचार सुरू करायच्या आधी पेशंटला काय करणार, कशासाठी करणार, धोके काय, दुसरे पर्याय कुठले आणि काहीच नाही केलं तर काय होईल हे समजेल अशा भाषेत सांगायचं आणि मग त्याने कुणाच्या दबावाशिवाय दिलेला होकार. सूचित संमती असंही लिहितात, बोलताना मात्र सगळे कन्सेंटच म्हणतात.

बऱ्याच जणांना कन्सेंट म्हणजे ऑपरेशनआधी सही करायचा फॉर्म एवढंच वाटतं. पण फॉर्म हा फक्त बोलणं झाल्याचा पुरावा, बोलणंच झालं नसेल तर ती सही असून नसल्यासारखी. उलट बीपी बघायला पेशंटने बाही वर केली तर तीही संमतीच, न बोलता दिलेली.

1914 मध्ये न्यूयॉर्कच्या एका खटल्यात बाईंनी भूल देऊन फक्त तपासायला परवानगी दिली होती आणि डॉक्टरांनी गाठच काढून टाकली असा आरोप होता. न्यायाधीश कार्डोझो यांनी लिहिलं की मन ठिकाणावर असलेल्या प्रत्येक सज्ञान माणसाला आपल्या शरीराचं काय करायचं ते ठरवायचा हक्क आहे. हे वाक्य आजही सगळीकडे सांगितलं जातं, गंमत म्हणजे बाई केस हरल्या, कारण हॉस्पिटल धर्मादाय होतं म्हणून जबाबदार धरलं नाही. संशोधनात ही गोष्ट 1947 च्या न्यूरेंबर्ग संहितेने पक्की केली, नाझी डॉक्टरांवरच्या खटल्यातून ती आली आणि तिचं पहिलंच कलम ऐच्छिक संमतीचं. तरीही अमेरिकेतल्या टस्कीगीत एका संशोधनात 1932 पासून 1972 पर्यंत सिफिलिस झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना खरा आजार सांगितला नाही आणि पेनिसिलिन मिळायला लागल्यावरही दिलं नाही, म्हणजे कागदावर नियम होता पण तो पाळायची गरज कुणाला वाटली नाही.

किती सांगायचं हा खरा वादाचा भाग. आधी कसोटी अशी की इतर डॉक्टर साधारण जेवढं सांगतात तेवढं पुरे. 2015 मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने ती बदलली. मधुमेह असलेल्या आईला बाळाचा खांदा अडकायचा 9 ते 10 टक्के धोका सांगितला नव्हता, सांगितला असता तर तिने सिझेरियन मागितलं असतं. कोर्ट म्हणालं की तिच्या जागी असलेल्या माणसाला जे महत्त्वाचं वाटेल ते सांगायलाच हवं. भारतात सुप्रीम कोर्टाने 2008 मध्ये एका बाईंच्या खटल्यात डॉक्टरांच्या प्रथेचीच कसोटी ठेवली, पण तपासणीची संमती म्हणजे ऑपरेशनची संमती नाही आणि पेशंट सज्ञान असेल, तातडी नसेल तर भुलीत असताना तिच्या आईचा होकार चालणार नाही हे स्पष्ट केलं.

पेशंट बेशुद्ध आहे आणि जीव धोक्यात आहे तेव्हा थांबत बसत नाहीत, पण तेव्हाही लगेच करायला लागेल तेवढंच करायचं. लहान मुलांसाठी पालक ठरवतात. सज्ञान माणूस मात्र जीव जाईल असं माहीत असूनही नको म्हणू शकतो आणि आधी दिलेली संमती मागे घेऊ शकतो, हे डॉक्टरांना आणि घरच्यांनाही पचवायला जड जातं.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं, आजाराची गुप्तता, आपले रिपोर्ट मिळणं हे हक्क याच कुटुंबातले. जागतिक वैद्यकीय संघटनेच्या 1981 च्या लिस्बन जाहीरनाम्यात आता न कळून घ्यायचाही हक्क आहे, म्हणजे मला काही सांगू नका असं पेशंट स्वतः स्पष्ट म्हणाला तर सांगायचं नाही, फक्त त्यामुळे दुसऱ्याचा जीव धोक्यात येत नसला पाहिजे.