सोयीचं लग्न (मालिकांमधलं कथासूत्र)

सोयीचं लग्न : टीव्हीवरच्या रोमँटिक कॉमेडी मालिकांमधलं एक घासून गुळगुळीत झालेलं, तरी अजून न संपलेलं कथासूत्र. दोन माणसं प्रेमाबिमात नसताना कुठल्यातरी व्यवहारी गरजेपोटी लग्न करतात, आपसात अटी ठरवतात, चारचौघांत नवरा-बायकोचं नाटक वठवतात आणि मग ते नाटक हळूहळू अंगाशी येतं. 'कॉन्ट्रॅक्ट मॅरेज', 'करारी लग्न', 'खोटं लग्न' ही नावं सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, पण काटेकोर बघितलं तर तिन्हींत फरक आहे. खोट्या लग्नात लग्न लागलेलंच नसतं, करारी लग्नाला मुदत असते आणि सोयीच्या लग्नात लग्न कायद्यानं अगदी खरं असतं, खोटं असतं ते त्यामागचं सांगितलेलं कारण. घरच्यांनी ठरवून दिलेलं लग्न यात धरत नाहीत, कारण तिथे दोघांचं जमावं अशीच सगळ्यांची इच्छा असते, इथे मात्र प्रेमात पडायचं नाही ही अटच असते.

शब्दाबद्दल थोडं. मूळ फ्रेंच शब्दप्रयोग 'मारियाज द कॉन्व्हनांस'. त्यातल्या 'कॉन्व्हनांस'चा अर्थ सोय असा नाही, तर अनुरूपता, रीत, शोभणं असा आहे, म्हणजे घराणं, पैसा, दर्जा जुळलेलं लग्न. इंग्रजीत साधारण १८ व्या शतकाच्या सुरुवातीपासून त्याला 'मॅरेज ऑफ कन्व्हीनियन्स' म्हणायला लागले, तेव्हा 'कन्व्हीनियन्स'लाही जुळणं-शोभणं हा जुना अर्थ होता. पुढे शब्दाचा अर्थ घसरत 'सोय' इथवर आला आणि त्याच्याबरोबर लग्नाचाही अर्थ घसरला. म्हणून काहीजण याला चुकीचं भाषांतर म्हणतात ते पटत नाही, शब्द तोच राहिला आणि खालची जमीन सरकली असं म्हणणं जास्त बरोबर. मराठीत 'सोय' आणि 'सोयरीक' हे शब्द कानाला इतके जवळचे आहेत की नातं जोडायचा मोह होतो, तो आवरलेला बरा.

उगम

यावर वाद बराच आहे. पहिलं मत असं की हे सगळं युरोपच्या रंगभूमीवरून आणि कादंबरीतून आलं. फ्रेंच नाटककार मोल्येरचं 'ल मारियाज फोर्से' १६६४ चं, इंग्रज नाटककार ड्रायडनचं 'मॅरेज आ ला मोड' त्यानंतर सात-आठ वर्षांनी. पण या जुन्या मंडळींना लग्नातल्या व्यवहाराची टिंगल करायची होती, त्या व्यवहारातून प्रेम उगवतं हे त्यांच्या डोक्यात नव्हतं. इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थनं १७४३ ते १७४५ च्या सुमारास याच नावाची सहा चित्रांची मालिका केली (आता लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे), त्यात पहिल्याच चित्रात दोन्ही बाप टेबलावर कागद पसरून सौदा करतायत, नवरा आरशात स्वतःला बघतोय, नवरी वकिलाचं ऐकतेय, आणि सहाव्या चित्रापर्यंत दोघंही मेलेली. म्हणजे कराराचा कागद तेव्हापासून आहे, पण गोड शेवट नाही. तो कादंबरीवाल्यांनी रुळवला. जॉर्जेट हेयरची 'द कन्व्हीनियंट मॅरेज' १९३४ ची, तिच्यात आधी लग्न आणि मग प्रेम हा उलटा क्रम स्पष्ट दिसतो आणि स्वस्त प्रेमकादंबऱ्यांनी तो नंतर भरपूर राबवला.

दुसरं मत हॉलिवूडचं. अमेरिकन सिनेमावर प्रॉडक्शन कोड नावाची नियमावली होती, तिच्या धाकामुळे अविवाहित जोडपं एका खोलीत दाखवणं अवघड झालं, म्हणून लेखकांनी त्यांचं आधी कागदावर लग्न लावून टाकलं, असा हा युक्तिवाद. ऐकायला छान आहे. पुरावा म्हणून नेहमी 'इट हॅपन्ड वन नाइट'मधला तो दोन खाटांच्या मधे दोरीवर टाकलेला ब्लँकेटचा पडदा दाखवतात, तिथे तर ते दोघं नवरा-बायको असल्याचं सोंगच करत असतात. पण तारखा बघायला हव्यात. हा सिनेमा आला फेब्रुवारी १९३४ मध्ये, आणि कोड कागदावर १९३० पासून असला तरी त्याची कडक अंमलबजावणी सुरू झाली जुलै १९३४ पासून. तेव्हा पडदा कोडमुळे आला असं सरळ म्हणता येत नाही, फार तर आधीपासून चालत आलेल्या युक्तीला कोडनं बळ दिलं इतकंच. टीव्हीवर मात्र या मताला जास्त जागा आहे, कारण १९५० च्या दशकातल्या अमेरिकन मालिकांमध्ये 'आय लव्ह लूसी'सारखी खरी विवाहित जोडपीही वेगवेगळ्या खाटांवर झोपायची.

तिसरं मत साधं आहे आणि प्रस्तुत लेखकाला तेच जास्त पटतं. घराची टंचाई. बाई आणि पुरुषाला एका छपराखाली आणायचं तर काहीतरी निमित्त लागतं आणि शहरात सगळ्यात खरं निमित्त म्हणजे घर. ब्रिटनच्या 'मॅन अबाउट द हाउस' (१९७३) वरून अमेरिकेत 'थ्रीज कंपनी' (१९७७) झाली, तिच्यात लग्न नाही, पण दोन मुलींबरोबर राहता यावं म्हणून नायक घरमालकासमोर आपण समलिंगी असल्याचं सोंग करतो, म्हणजे छप्पर हेच कारण. आपल्याकडे 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) मधली सगळी धमाल सुरू होते ती घरमालकीणीला जोडपीच भाडेकरू म्हणून हवी असतात यावरून. 'घरोंदा' (१९७७) मध्ये तर फ्लॅटच्या स्वप्नापायी केलेल्या लग्नाची बाजू इतकी कडू दाखवलीय की हसू येतच नाही. सोयीच्या लग्नाची कॉमेडी जिथे जिथे चालली तिथे शहर, भाडं आणि कर्ज या गोष्टी शेजारीच सापडतात.

भारतीय परंपरेसाठी मात्र 'मिस्टर अँड मिसेस ५५' (१९५५) चा उल्लेख हवाच. वारसा मिळवायला ठराविक मुदतीत लग्न करणं भाग असलेली श्रीमंत मुलगी (मधुबाला), पुरुषांवर खार खाऊन असलेली आत्या (ललिता पवार) आणि पैसे देऊन नवरा म्हणून आणलेला बेकार व्यंगचित्रकार (गुरुदत्त). पडद्यावर व्यंगचित्रं काढणारा हात आर. के. लक्ष्मण यांचा. हिंदू विवाह कायदाही त्याच वर्षी मे महिन्यात आला आणि सिनेमाभर घटस्फोटाच्या कायद्याची चर्चा आहे, तीही बरीचशी नाक मुरडून. घटस्फोट मिळू शकतो हे कायद्यानं मान्य केल्याशिवाय 'लग्न करू आणि मग मोडू' हा प्लॉटच उभा राहत नाही, त्यामुळे हा सिनेमा नेमका याच वर्षी येणं निव्वळ योगायोग मानायचं कारण नाही.

कायद्याच्या अंगानं

मालिकांमध्ये आवडती मुदत सहा महिन्यांची. 'इस प्यार को क्या नाम दूँ?' (स्टार प्लस, २०११-१२) मध्ये अर्णव खुशीला सहा महिन्यांच्या लग्नाला भाग पाडतो. कायद्यात हे बसत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १४ प्रमाणे लग्नाला वर्ष होईपर्यंत घटस्फोटाचा अर्जच सहसा करता येत नाही, अपवाद असाधारण हालअपेष्टांचा वगैरे. परस्परसंमतीचा घटस्फोट मुळात १९५५ च्या कायद्यात नव्हताच, तो १३-ब या कलमानं १९७६ साली आला, आणि त्यासाठी आधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, मग अर्ज, मग पुन्हा किमान सहा महिने थांबायचं. हे शेवटचे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं असं सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये सांगितलं, पण तरीही हिशोब वर्षाच्या आत येत नाही. शिवाय 'अमुक दिवसांनी आपण मोडू' असा आधीच केलेला लेखी करार कोर्टात टिकणं कठीणच, कारण १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २३ नुसार सार्वजनिक धोरणाविरुद्धचा करार रद्दबातल ठरतो. ड्रॉवरमध्ये लपवलेला तो स्टँपपेपर, जो हमखास चुकीच्या माणसाच्या हाती लागतो, त्याची किंमत रद्दीएवढीच.

गंमत अशी की एका बाबतीत मालिकावाल्यांचं नकळत बरोबर आलंय. वेगळं राहणं म्हणजे वेगळ्या घरात राहणं असं नाही, एकाच छपराखाली राहूनही नवरा-बायको म्हणून नांदत नसतील तर ते वेगळं राहणंच, असं सुप्रीम कोर्टानं १९९१ च्या एका निकालात म्हटलंय. म्हणजे पलंगाच्या मधोमध रचलेली उशांची भिंत कायद्यालाही समजते!

अमेरिकेत वेगळीच भानगड, तिथे सोयीचं लग्न म्हटलं की आधी व्हिसा आठवतो. १९८६ च्या कायद्यानं लग्न नवीन असेल तर जोडीदाराला आधी दोन वर्षांचं सशर्त निवासपत्र देण्याची पद्धत आली आणि बनावट लग्नाला पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड ठेवला. अधिकारी दोघांना वेगळं बसवून प्रश्न विचारतात हा सीन तेव्हापासून कॉमेडीला आंदण मिळाला, टूथब्रश कुठल्या रंगाचा, कोण कुठल्या बाजूला झोपतं, आणि उत्तरं पाठ करता करता दोघांना एकमेकांच्या सवयी खरंच कळायला लागतात.

मालिका

अमेरिकन सिटकॉममध्ये सगळ्यात नितळ उदाहरण 'नेड अँड स्टेसी' (फॉक्स, १९९५-९७). जाहिरात कंपनीतल्या नेडला बढतीसाठी बायको हवी, लेखिका असलेल्या स्टेसीला राहायला चांगलं घर हवं, संपला विषय. थॉमस हेडन चर्च आणि डेब्रा मेसिंग. दोन सीझनमध्ये आटोपली. दोघांना एकमेकांचा मनापासून वैताग आहे हे तिचं बलस्थान होतं आणि बहुधा अडचणही तीच.

कोरियात हे सूत्र इतकं रुजलं की उगमाचा मान त्यांना देणारेही आहेत, पण तारखा त्या मताला साथ देत नाहीत. 'फुल हाउस' (केबीएस, २००४, १६ भाग) एका कोरियन कॉमिकवरून आली, तिच्यात वडिलांनी बांधलेलं घर मित्रांनी परस्पर विकलेली होतकरू लेखिका ते घर घेणाऱ्या फिल्मस्टारशी करारानं लग्न करते. 'बिकॉज धिस इज माय फर्स्ट लाइफ' (२०१७) मध्ये घरकर्जाखाली दबलेला घरमालक आणि भाडेकरू. पुन्हा घरच.

जपानची 'निगेरु वा हाजी दा गा याकु नि तात्सु' (टीबीएस, २०१६, ११ भाग) ही मात्र या प्रकारातली सगळ्यात विचारी मालिका म्हणता येईल. त्सुनामी उमिनो यांच्या मांगावरून (म्हणजे जपानी कॉमिकवरून) अकिको नोगी यांनी लिहिली, नावाचा अर्थ साधारण 'पळून जाणं लाजिरवाणं, पण कामाला येतं', ती मूळ हंगेरियन म्हण. नोकरी गेलेली मिकुरी हिरामासाच्या घरी घरकामाला येते आणि पुढे दोघं ठरवतात की घरकाम ही नोकरी धरायची, पगार १,९४,००० येन महिना, आणि कागदोपत्री विवाहनोंदणी न करता नुसतं 'नोंद न केलेली पत्नी' म्हणून राहायचं. म्हणजे आपल्या वरच्या व्याख्येत ती चपखल बसतही नाही. मंगळवार हा मिठी मारायचा दिवस, तोही कराराचा भाग म्हणून ठरवलेला, आणि मालिका लागायचीही मंगळवारीच. कळसाचा प्रसंग प्रेमाच्या कबुलीचा नाहीच. हिरामासा खऱ्या लग्नाची मागणी घालताना आकडेमोड दाखवतो की लग्न केलं की पगार वाचेल, आणि मिकुरी त्याला सुनावते की ही तर प्रेमाच्या नावाखाली पिळवणूक झाली. पहिल्या भागाचं रेटिंग १०.२ टक्के, शेवटच्याचं २०.८, मधे एकदाही खाली आलं नाही. त्यातल्या नाचाची साथ पसरली तो भाग वेगळा. दोघं कलाकार, युइ अरागाकी आणि गेन होशिनो, यांनी २०२१ मध्ये खरंच लग्न केलं.

मराठीत 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' (झी मराठी, २०१२), दिग्दर्शक सतीश राजवाडे. अमेरिकेला जायला निघालेला घना (स्वप्नील जोशी) आणि लग्नच नको असलेली राधा (मुक्ता बर्वे) घरच्यांचा तगादा संपवायला लग्न करतात, नंतर वेगळं व्हायचं आधीच ठरवून. नाव गाजलेल्या नाटकाच्या नावावर बेतलेलं. इथे कारण घर किंवा व्हिसा नाही, माणसं आहेत, काळे कुटुंबाचं भरलेलं घर, आजी-आजोबांपासून सगळे, आणि खोटं बोलायचं ते त्यांच्याशी. त्यामुळे दोघांतली भांडणं बंद दाराआड कुजबुजत करावी लागतात आणि दार उघडलं की हसरे चेहरे. परदेशी मालिकांत करार मोडल्यावर दोघांचं नुकसान होतं, इथे मोडला तर अख्खं घर दुखावणार, आणि मराठी प्रेक्षक अर्धा जीव तिथेच टांगून बसला होता. यातून पुढे २०१३ मध्ये 'तिसरी गोष्ट'ही आली.

लांबीचा प्रश्न

कराराला मुदत असते, डेली सोपला नसते. ११ किंवा १६ भागांत शेवट आधी ठरलेला असतो त्यामुळे मुदत आणि मालिका एकत्र संपतात, पण टीआरपी बरा असेल तर आपल्याकडे मुदत उलटली तरी मालिका थांबत नाही, मग अपघात, स्मृतिभ्रंश, जुनी मैत्रीण अशी भरती सुरू होते. दोघं एकत्र आले की मजा जाते हा समज 'मूनलायटिंग' या अमेरिकन मालिकेपासून (१९८५-८९) पक्का झालाय. तिथे पडझडीला इतरही कारणं होती, पण बोल त्या प्रेमालाच लागला.

अलीकडे मोबाईलवर उभ्या स्क्रीनसाठी दोन-दोन मिनिटांचे भाग निघतात, चीनमध्ये त्याचं पेवच फुटलंय, आणि तिथे झटपट लग्न, श्रीमंत नवरा, लपवलेली ओळख हा साचा फार चालतो. लग्न पहिल्याच भागात, तेही बहुतेक पहिल्या मिनिटाला. करार वाचायलासुद्धा कुणाला वेळ नसतो.