टायटॅनियमचा गुलाल

९ मे २०२४ ला इस्रोने पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्याचं, म्हणजे पीएस४चं, थ्रीडी प्रिंटिंगने धातूच्या पावडरीतून घडवलेलं इंजिन ६६५ सेकंद पेटवून पाहिलं. जुन्या रीतीने या एका इंजिनाला घडीव आणि पत्र्याचा मिळून ५६५ किलो धातू लागायचा. आता १३.७ किलो पावडरीत भागलं. १४ भागांचा एकच भाग झाला आणि वेल्डिंगचे १९ सांधे गेले. बातमी मोठीच होती. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात पोचेपर्यंत मात्र तिचं ‘आता प्रिंटरवर रॉकेट, बटण दाबा आणि न्या’ असं झालं होतं. खालच्या मजल्यावरच्या काकांनी जिन्यात गाठून विचारलं, “यात शाई कसली घालतात हो?”

शाई नसते, काका. असते ती धातूची पावडर, आणि वेल्डिंग. प्लेटवर पावडरीचा ३० मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या निम्म्याहून पातळ थर पात्याने पसरायचा. जिथे धातू हवा तेवढ्याच जागी लेझर फिरवून तो वितळवायचा. प्लेट ३० मायक्रॉन खाली घ्यायची आणि पुन्हा थर टाकायचा. आता एक सेंटिमीटर लांब, रुंद आणि उंच असा ठोकळा डोळ्यांपुढे आणा. त्यात थर झाले सुमारे ३३३. प्रत्येक थरात ०.१ मिलिमीटर अंतराने १०० रेघा, म्हणजे थराला एक मीटर. बोटाच्या पेरावर मावणाऱ्या ठोकळ्यात ३३३ मीटर वेल्डिंग! इंजिनातले १९ सांधे गेले खरे, पण जे उरलं ते सगळं सांधाच आहे. त्या ३३३ मीटरमध्ये कुठे तरी एखादी रेघ अर्धवट वितळली तर आत पोकळी राहते आणि बाहेरून ती दिसत नाही. बटण दाबायच्या आधी कोणी तरी महिनोन् महिने वॉट आणि वेगाची कोष्टकं भरत बसलेलं असतं.

लेझरचं यंत्र आरगॉन वायूने भरलेलं असतं, कारण तापलेल्या धातूला हवा मानवत नाही. किरण वळवायला बारीक आरसे असतात. जर्मनीत आखेनच्या फ्राउनहोफर संस्थेत १९९०च्या दशकात ही रीत बसवली गेली आणि आज जगभर तिचाच बोलबाला आहे. पण माझा जीव जडलाय तो तिच्या भावंडावर, लेझरऐवजी पावडर वितळवणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या झोतावर.

ज्यांच्या घरी डबा टीव्ही होता त्यांनी हे यंत्र वर्षानुवर्षं दिवाणखान्यात ठेवलेलं आहे. मागे इलेक्ट्रॉन सोडणारी बंदूक, मध्ये त्यांना वळवणारी चुंबकं, पुढे पडदा. रंगीत टीव्हीत सुमारे २५,००० व्होल्ट असत, इथे ६०,००० असतात. एवढ्या दाबाने सुटलेला इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे १,३४,००० किलोमीटर वेगाने धावतो, प्रकाशाच्या जवळजवळ निम्म्या वेगाने. हवेत तो रेणूंवर आपटून विखुरला असता, म्हणून आत निर्वात पोकळी. आरसा फिरवायचा तर त्याला वजन असतं, चुंबकाचा करंट बदलायला तसलं ओझं नाही. त्यामुळे हा झोत इकडून तिकडे इतक्या झपाट्याने उडी मारतो की एकाच वेळी अनेक ठिकाणी पडल्यासारखा भासतो. तांब्याचा पत्रा लेझरचा इन्फ्रारेड किरण बराचसा परतवून लावतो. इलेक्ट्रॉनपुढे तांब्याची चकाकी चालत नाही.

मग सगळे हेच का वापरत नाहीत? त्याचं उत्तरही त्या डबा टीव्हीतच आहे. लहानपणी मी चालू टीव्हीच्या काचेजवळ हात नेला की हातावरची लव उभी राहायची. काचेवर विद्युतभार साठलेला असायचा. पावडरीवर इलेक्ट्रॉन ओतले की तिच्यावरही तो साठतो. सारखे भार एकमेकांना दूर लोटतात हे शाळेत शिकलोय. कण एकमेकांना लोटतात आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळा थर उधळतो, मिरवणुकीतल्या गुलालासारखा. यंत्रावर काम करणारे याला ‘स्मोक’ म्हणतात, पण तिथे काही जळलेलं नसतं. ढग खाली बसतो तेव्हा थराची वाट लागलेली असते आणि बहुधा कामही वाया गेलेलं असतं.

किती इलेक्ट्रॉन पुरतात? मी कागदावर हिशोब मांडला. (आकडे नकोत त्यांनी पुढच्या परिच्छेदात भेटावं.) टायटॅनियमचा ७० मायक्रॉनचा कण साधारण ०.०००८ मिलिग्रॅम भरतो. खेटून बसलेल्या दोन कणांना कूलॉमचा, म्हणजे भारांमधला जोर सांगणारा नियम लावला तर प्रत्येकावर जेमतेम ४ लाख जादा इलेक्ट्रॉन बसले की लोटण्याचा जोर कणाच्या वजनाइतका होतो. ४ लाख पुष्कळ वाटतात, पण ३ किलोवॅटच्या झोतात ५० मिलिअँपिअर करंट असतो, म्हणजे सेकंदाला ३ वर १७ शून्यं एवढे इलेक्ट्रॉन. भागाकार केला तर ४ लाख यायला सेकंदाचा एक लाख-कोटीवा भाग पुरतो. हिशोब ढोबळ आहे. काही इलेक्ट्रॉन उलटे उसळतात, काही वाहून जातात. पण मी हजार पटींनी चुकलो असं धरलं तरी पावडरीला सावरायला वेळ मिळत नाही.

टायटॅनियम तर धातू, मग भार प्लेटमधून जमिनीत का जात नाही? कारण प्रत्येक कणाच्या अंगावर काही नॅनोमीटर जाडीची ऑक्साइडची साय असते, ती वीज नीट वाहू देत नाही, आणि गोल कण शेजाऱ्याला टेकतो तो टोकाएवढ्या जागी. हीच साय दुसरीकडे आपल्या कामी येते. तिच्यामुळे टायटॅनियम गंजत नाही आणि शरीर त्याला मुकाट्याने नांदू देतं. त्यात ‘ऊर्जा’ वगैरे काही नाही. रक्तदाब आणि सांधेदुखी घालवणारी म्हणून टायटॅनियमची कडी हजारो रुपयांना विकतात, ती मनगटावर काहीही न करता पडून राहते. काहीही न करणं हाच या धातूचा गुण, खुब्याच्या सांध्यासाठी डॉक्टर तो निवडतात तेही त्यासाठीच.

उधळण थांबवायला स्वीडनच्या आर्कॅम या १९९७ साली निघालेल्या कंपनीने यंत्रात जी युक्ती वापरली, ती मला फार आवडते. वितळवण्याआधी झोत जाणूनबुजून पसरट करायचा आणि अख्ख्या थरावरून भरभर फिरवून पावडर सुमारे ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायची. टायटॅनियम वितळतं १,६६८ अंशांना, तेव्हा हे नुसतं शेकणं झालं. पण शेकलेल्या कणांमध्ये टेकल्या जागी बारीकशी मान तयार होते. पावसाळ्यात बरणीतलं मीठ कसं धरतं, तसं. या मानांमधून भार वाहून जातो आणि कण जागच्या जागी धरलेलेही राहतात. जोडीला पोकळीत किंचित हेलियम सोडतात. झोताने त्याचे धन आयन होतात आणि उरलासुरला भार खोडून टाकतात.

नाइलाजाने केलेल्या या शेकण्यातून एक घबाड हाती लागलं. लेझरच्या यंत्रात वितळलेली रेघ थंडगार पावडरीत क्षणात थिजते, आकसते आणि खालच्या थराला ओढते. असे हजारो थर ओढाताण करत बसले की भाग वाकतो, कधी तडकतो. म्हणून तो प्लेटसकट भट्टीत घालून ताण काढतात, मगच वायरकटवर, म्हणजे विजेच्या बारीक तारेने कापून, सोडवतात. इलेक्ट्रॉनच्या यंत्रात भाग घडतानाच भट्टीत बसलेला असतो. टायटॅनियम अ‍ॅल्युमिनाइड हे हलकं पण काचेसारखं ठिसूळ मिश्रण याच कारणाने साधलं. त्याची पावडर १,००० अंशांच्या वर ठेवतात आणि इटलीत कामेरी इथे अव्हिओ एअरो कंपनी त्यातून जीई९एक्स विमानइंजिनाची टर्बाइनची पाती काढते.

२००७ पासून युरोपात खुब्याच्या कृत्रिम सांध्याच्या वाट्याही अशाच होतात. मी एक हातात घेतली होती. आतून गुळगुळीत, बाहेरून पावासारखी जाळीदार, कारण हाड त्या भोकांत वाढून तिला धरून ठेवतं. यंत्रातून मात्र वाटी निघत नाही, निघतो शेकलेल्या पावडरीचा राखाडी ढेकूळ. तो फोडायला वाळूचा मारा केला तर वाळू त्यात मिसळेल आणि महागाची पावडर पुन्हा वापरता येणार नाही. म्हणून टायटॅनियमच्या पावडरीचाच मारा करतात. ढेकूळ भुरभुरत झडतो आणि वाटी मोकळी होते. उघड्या जाळीत हे जमतं. रॉकेटच्या इंजेक्टरमधल्या, म्हणजे इंधन फवारणाऱ्या भागातल्या, सुईएवढ्या वळणावळणाच्या वाटांत हा मारा पोचत नाही, आणि धरलेली पावडर तिथे कायमची बसते. लेझरच्या यंत्रातली पावडर सुटीच राहते. प्लेट उलटी करून ठोकली की ती वाळूच्या घड्याळातल्यासारखी गळून येते.