व्यसनमुक्तीच्या उपचारात घरच्यांना जागा कशी मिळाली

विशीतला मुलगा किंवा मुलगी उपचाराला दाखल झाली की चांगल्या केंद्रात आई-वडिलांनाही बोलावतात, त्यांच्याशी वेगळं बसून बोलतात. हे आता इतकं अंगवळणी पडलंय की पहिल्यापासून असंच असेल असं वाटतं. पण तसं नव्हतं. घरच्यांच्या वाट्याला बराच काळ दोनच कामं होती: खर्च करायचा आणि दोष घ्यायचा.

१९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात बिल विल्सन आणि सर्जन असलेले डॉ. बॉब स्मिथ भेटले आणि अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, सुरू झालं. दारू सोडू पाहणाऱ्याला आधार द्यायला त्यातून गेलेलाच माणूस हवा, ही त्यामागची धारणा. नवरे आत मन मोकळं करायचे. बायका मात्र बाहेर ताटकळायच्या, नाही तर कॉफी करून द्यायच्या.

बिलची बायको लोइस हिने नवऱ्याच्या दारूच्या काळात स्वतः नोकरी करून घर ओढलं होतं. तो सुटला. मग एका रविवारी तो सहज म्हणाला, आवर, मीटिंगला उशीर होईल. तिच्या हातात बूट होता. तो तिने होता तेवढा जोर लावून फेकला. इतकी वर्षं जे मागितलं ते मिळालं होतं, मग हा संताप कुठला? या प्रश्नाने ती स्वतःच हादरली. व्यसन एकाचं असलं तरी आजारी सगळं घर पडतं, हे तिथे तिच्या ध्यानात आलं. पुढे १९५१ मध्ये घरच्यांसाठी अल-अनॉन उभं राहिलं, आणि १९५७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका किशोरवयीन मुलाच्या पुढाकाराने, व्यसनी माणसांच्या मुलांसाठी अलाटीन.

‘हे तुमच्यामुळे झालेलं नाही आणि ते बरं करणंही तुमच्या हातात नाही’ हे अल-अनॉनने सांगितलं, तेव्हा असंख्य बायकांच्या आणि आयांच्या छातीवरचं ओझं उतरलं. ते मोल आजही कमी झालेलं नाही. पण माणसाला न सोडता त्याच्या व्यसनापासून अलिप्त राहा, या अल-अनॉनच्या शिकवणीचा पुढे अनेकांनी भलताच अर्थ लावला: लक्ष काढून घ्या, घराबाहेर काढा, तळ गाठला की येईल आपोआप ताळ्यावर. व्हर्नन जॉन्सन या धर्मगुरूने १९६० च्या दशकात याला विरोध केला. तळाची वाट पाहू नका, सगळ्यांनी मिळून त्याला समोर बसवा आणि बोला, असं त्याचं म्हणणं. दिशा बरोबर होती. पण तो प्रसंग घरच्यांना इतका जड जायचा की पुष्कळ जण ऐनवेळी माघार घ्यायचे.

तरुण मुलांच्या बाबतीत तर ‘तळ गाठू दे’ हा सल्ला मला क्रूरच वाटतो. चाळिशीतल्या माणसाला नोकरी जाण्याची, संसार मोडण्याची भीती असते. एकोणीस वर्षांच्या पोराचं अजून काही उभंच राहिलेलं नसतं. पुढचा विचार करून स्वतःला आवरणारा मेंदूचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडतच असतो. त्यात हेरॉइनसारख्या अफूच्या नशेत आणखी एक धोका असतो. काही आठवडे नशा बंद राहिली की शरीराची सहनशक्ती उतरते. तोच मुलगा बाहेर येऊन पूर्वीइतकाच डोस घेतो आणि त्याचा श्वास थांबतो. या वयातला तळ म्हणजे कित्येकदा मृत्यूच.

नुसतं मुलाला उचलून दूर नेण्याचा प्रयोगही झाला. न्यूयॉर्कमध्ये नदीतल्या एका बेटावर, जिथे पूर्वी साथीच्या रोग्यांना ठेवत, त्या रिव्हरसाइड हॉस्पिटलमध्ये १९५२ पासून किशोरवयीन हेरॉइन रुग्णांवर उपचार सुरू झाले. मुलं बेटावर राहायची, मग त्याच गल्लीत, त्याच सोबतीत परतायची. बहुतेकांची नशा पुन्हा सुरू झाली. १९६३ मध्ये ते बंद पडलं.

खरं वळण आलं ते रॉबर्ट मेयर्स या मानसशास्त्रज्ञाच्या कामामुळे. त्याने घरच्यांनाच शिकवायला घेतलं आणि त्या पद्धतीचं नाव पडलं क्राफ्ट. तिच्यातल्या गोष्टी अगदी रोजच्या आहेत. मुलगा शुद्धीत असेल त्या संध्याकाळी त्याच्याशेजारी बसा, आवडीचा विषय काढा. नशेत आला तर भांडू नका, समजूतही घालू नका, शांतपणे उठून आपल्या कामाला लागा. त्याने ओकून ठेवलेलं रात्रीत पुसून टाकू नका, सकाळी त्याला दिसू द्या. तो स्वतःच ‘कंटाळा आलाय’ म्हणेल त्या घडीला उपचाराचं विचारा, आणि त्यासाठी भेटीची वेळ आधीच ठरवून ठेवा. मारहाणीची भीती असेल तर आधी स्वतःला वाचवा.

१९९९ मध्ये दारूच्या व्यसनाबाबत १३० नातेवाइकांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. या सगळ्यांची माणसं उपचाराला नकार देणारी होती. क्राफ्ट शिकलेल्यांपैकी ६४ टक्के जणांनी आपलं माणूस उपचारापर्यंत आणलं. जॉन्सनच्या पद्धतीने ३० टक्के, अल-अनॉनच्या मार्गाने १३ टक्के. अर्थात माणसाला उपचाराकडे वळवणं हा अल-अनॉनचा हेतू कधी नव्हताच, हे तुलना करताना विसरू नये.

उपचारानंतर काय, हा प्रश्न कॉलेजांनी उचलला. दर शनिवारी जिथे बाटल्या फुटतात त्या होस्टेलवर नव्याने सुटलेला मुलगा किती दिवस टिकेल? अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाने १९८८ मध्ये अशा विद्यार्थ्यांसाठी कॅम्पसवर वेगळी राहण्याची सोय केली. तिथल्याच टेक्सस टेक विद्यापीठात १९८६ पासून त्यांच्यासाठी उपक्रम सुरू होता. मीटिंग, अभ्यास आणि मित्र, सगळं एकाच जागी.

क्राफ्टमध्ये आईची झोप, तिचं जेवण, तिच्या तुटलेल्या मैत्रिणी हाही कामाचाच भाग धरलेला आहे, मुलगा सुटो वा न सुटो. त्यामुळे तो यायला तयार नसला, तरी समुपदेशकाकडची तिची दर आठवड्याची वेळ तिच्याच नावावर राहते.