आत्याचा अर्धा गुलाबी फोटो

आत्याच्या साठीला बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या घरी काढलेला एक फोटो आहे. वरचा निम्मा झकास, आत्याचा चेहरा, नथ, मागची खिडकी सगळं नीट, आणि ओवाळणीच्या ताटापासून खाली सगळंच गुलाबी आणि चार बोटं उजवीकडे सरकलेलं. जुन्या मेमरी कार्डाची कृपा! भावाने लगेच एडिटरमधे उघडून रंग फिरवायला घेतले, मी म्हटलं थांब रे बाबा, सेव्ह दाबू नकोस, आधी फाइलची कॉपी काढ.

कारण जेपेग (म्हणजे फोटोची नेहमीची फाइल) अशी परत सेव्ह केली की ती नव्याने कॉम्प्रेस होते, बारीक तपशील गळतो, आणि जो बिघाड होता तो चित्रातच पक्का होऊन बसतो.

आता बिघाड कधीकधी एखाद्या बिटचाच, म्हणजे फाइलमधल्या एका ०-१ चाच असतो, मग निम्मा फोटो का बोंबलतो? तर जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं, आणि प्रत्येक चौकोनाची सरासरी उजेडपातळी पूर्ण लिहीत नाही, मागच्या चौकोनापेक्षा किती कमी-जास्त तेवढंच लिहितं. रंगाचंही तसंच. मंगळबाजारातल्या दुकानदाराची वही बघा, एका दिवशी ५० चे ५०० लिहिले गेले की पुढचा रोजचा जमाखर्च अगदी बरोबर असूनही शिल्लक चुकतच जाते, तसंच हे. आणि सरकण्याचं म्हणाल तर हे आकडे हफमन कोडमधे असतात, कोणाचा कोड लांब कोणाचा आखूड, एक बिट उलटलं की वाचणारा प्रोग्राम शब्द भलतीकडेच तोडायला लागतो, थोड्या वेळाने आपोआप ताळ्यावर येतो पण तोवर दोनचार चौकोन जास्त मोजून झालेले असतात. (काही कॅमेरे मधेमधे रीस्टार्ट मार्कर टाकतात, तिथे वही शून्यापासून सुरू, म्हणून नुकसान एका पट्टीपुरतं राहतं.)

म्हणजे दुरुस्ती चुकलेल्या त्या एका नोंदीचीच करायची. पिक्सेलपर्यंत न जाता थेट जेपेगच्या आतल्या आकड्यांवर काम करणारे प्रोग्राम असतात, त्यात जास्तीचे चौकोन काढले, शिल्लकेतला फरक वजा केला, बाकीचे आकडे जसेच्या तसे, क्वालिटी तसूभरही कमी नाही. आमचा फोटो असाच जागेवर आला, फक्त निरांजनापाशी दोन चौकोन विचित्र राहिलेत, ते तसेच ठेवले.

फाइल उघडतच नसेल तर बहुतेक हेडर, म्हणजे फाइलच्या सुरुवातीचा माहितीचा भाग, गेलेलं असतं. जेपेगची सुरुवात एफएफ-डी८ या दोन बाइटनी होते, मग आकडे वाचायला लागणारी टेबलं वगैरे, आणि एफएफ-डीएपासून चित्राचा डेटा. त्याच कॅमेऱ्याच्या, त्याच साइझ-सेटिंगच्या चांगल्या फोटोचं हेडर हेक्स एडिटरने (फाइलमधले बाइट थेट बदलू देणाऱ्या प्रोग्रामने) चिकटवलं की पुष्कळदा काम होतं, टेबलं जुळली पाहिजेत मात्र.

डेटाच्या जागी नुसती शून्यं असतील तर कोणीही काही करू शकत नाही, विकतचं सॉफ्टवेअरसुद्धा. त्याच कार्डावरच्या पंगतीच्या फोटोचं हेच झालं, त्यातून फक्त हेडरमधे लपलेला १६० बाय १२० चा थंबनेल निघाला, टपालाच्या तिकिटाएवढा. आत्या चष्मा लावून अर्धा तास कोण कुठे बसलंय ते सांगत होती.