गंजलेली कुऱ्हाड आणि पाणी उतरलेली कुऱ्हाड

जुन्या बाजारात हत्यारांच्या ढिगात दोन कुऱ्हाडी हमखास दिसतात. एक गंजून तपकिरी झालेली, दांडा मोडका किंवा मुळातच नसलेला. दुसरी ग्राइंडरवर घासून चकचकीत केलेली, धारही ताजी. गिऱ्हाईक दुसरी उचलतं आणि जास्त पैसे मोजतं. जुनी कुऱ्हाड पुन्हा वापरात आणायची असेल, तर माझी पसंती गंजलेलीला आहे. चकचकीत कुऱ्हाड कसून तपासल्याशिवाय मी घेणार नाही.

गंज चढतो तो हवेने आणि ओलीने, उष्णतेचा त्यात काही संबंध नाही. तो वरून खात जातो, आतल्या पोलादाचा कडकपणा मात्र तसाच राहतो. कुऱ्हाडीचा सगळा जीव धारेमागच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये असतो. लोहार तेवढा भाग लाल तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवतो. त्याने तो कडक होतो, पण काचेसारखा ठिसूळही होतो. म्हणून पुन्हा हलकेच तापवायचा. घासून उजळलेल्या पोलादावर आधी फिकट पिवळा आणि मग तपकिरी रंग चढतो, साधारण २२० ते २६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान. तिथे थांबलं की धार टिकते आणि तुकडेही उडत नाहीत. तीनशेच्या आसपास निळा रंग येतो. त्याच्याही पुढे उष्णता गेली की कडकपणा झपाट्याने कमी होतो. याला आपण पाणी उतरलं म्हणतो.

ग्राइंडरवर हे काही सेकंदांत घडतं. धार पातळ असते, तिथे उष्णता सामावून घ्यायला धातूच नसतो. कडेला निळी रेघ उमटते आणि विकणारा पॉलिशच्या चाकावर ती पुसून टाकतो. निळेपणा हा नुसता वरचा पातळ थर, तो पुसल्याने गेलेलं पाणी परत येत नाही. म्हणून धारेची दोन्ही टोकं उजेडात तिरकी धरून पाहा, निळसर-जांभळी झाक राहिली तर बहुधा तिथेच राहते.

पाणी उतरवणारी दुसरी जागा म्हणजे चूल. दांडा मोडला की भोकात अडकलेलं लाकूड काढायला पातं सरळ विस्तवात टाकतात. लाकूड जळतं आणि कुऱ्हाडही जाते. फसगत होते ती इथे, कारण अशी कुऱ्हाड चार पावसाळे पडवीत पडली की तिलाही तसाच तपकिरी गंज चढतो. वरून पाहून दोघींतला फरक सांगता येत नाही. (अडकलेलं लाकूड ड्रिलने पोखरून काढावं. वेळ लागतो, पण पातं शाबूत राहतं.)

म्हणून खिशात एक बारीक दातांची चांगली कानस ठेवा आणि विकणाऱ्याला विचारून वापरा. आधी पात्याच्या मधल्या भागावर एक घास मारा. तिथे कानस सहज चावते, लोखंडाचा कीस पडतो. मग धारेकडे सरका. कुऱ्हाड चांगली असेल तर धारेजवळ कानस घसरायला लागते, हाताला विरोध जाणवतो, आवाजही बारीक होतो. मध्यावर आणि धारेवर कानस सारखीच चावली, तर समजा की धारेत दम नाही. पण लगेच खाली ठेवू नका. ग्राइंडरने जळलेली धार पुष्कळदा वरवर तीन-चार मिलिमीटरच जळलेली असते. थोडं मागे कानस मारून पाहा. तिथे ती घसरली, तर पुढचा मऊ भाग हाताने कानसून काढला की काम झालं.

गंजाचीही एक मर्यादा आहे. बाजूंवर कितीही खड्डे असले तरी लाकूड तोडायला त्यांची अडचण नाही. धारेच्या कडेलाच खोल खड्डे असतील तर मात्र ते संपेपर्यंत पोलाद कानसावं लागेल, आणि तेवढं पोलाद शिल्लक हवं.

कारण धार मऊ लागण्याचं आणखी एक कारण असतं: पोलाद संपलेलं असणं. पूर्वी पोलाद महाग होतं, म्हणून अंग साध्या लोखंडाचं करून धारेला पोलादाची पट्टी तापवून ठोकून जोडत. कनेटिकटमधली कॉलिन्स कंपनी १८२६ ते १९६६ चालली, तिच्या सुरुवातीच्या कुऱ्हाडी अशाच होत्या. अमेरिकेतल्या मराठी मंडळींना गराज सेलमध्ये एखादी सापडू शकते. पिढ्यान्‌पिढ्या धार लावून ती पट्टी झिजली की उरतं नुसतं लोखंड. त्याला कितीही तापवून बुडवलं तरी पाणी चढत नाही. हे ओळखायला घरी पातं रात्रभर साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. सकाळी तारेच्या ब्रशने घासलं की गंज निघतो, आणि बऱ्याचदा धारेलगत बाकीच्या अंगापेक्षा गडद पट्टा दिसतो. तो कडक पोलादाचा. बोटभर रुंद असेल तर कुऱ्हाड अजून कितीतरी वर्षं चालेल. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, पुसून लगेच तेल लावा, नाहीतर तासाभरात पुन्हा लाल होते.

आपल्याकडच्या कुऱ्हाडींची गोष्ट थोडी वेगळी. लोहार आणि घिसाडी ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यापासून कुऱ्हाडी घडवतात. तो पाटा आरपार पोलादच असतो. अशा कुऱ्हाडीचं पाणी उतरलं असलं तरी चांगला कारागीर पुन्हा देऊ शकतो, तेलात बुडवून. त्यामुळे ती भंगाराच्या भावात मिळत असेल आणि ओळखीचा लोहार असेल, तर जरूर घ्या. दांड्याला धावडा मिळाला तर उत्तम, नाहीतर बाभूळ.

एक तपासणी मात्र गंजलेली आणि चकचकीत, दोघींनाही लागू. भोकात सुतळी ओवून पातं लोंबतं धरा आणि खिळ्याने टिचकी मारा. खणखणीत, लांबणारा आवाज यायला हवा. बद्द आवाज आला तर भोकाच्या आतल्या बाजू आणि कोपरे नीट पाहा, पाठीवर घण मारून मारून तिथे चीर गेलेली असते. चीर गेलेली कुऱ्हाड फुकट मिळाली तरी घेऊ नका. घाव घालताना तिचं पातं उडालं तर समोरच्याच्या जिवावर बेततं.